वडिलांच्या सायकलची बीबी दर दोन महिन्यांनी सैल होते, फ्रेम खरंच गेली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वडिलांची दांडीवाली काळी सायकल तुम्ही पावडर कोटिंग करून परत चालवायला काढली, वर्षभरात तीन वेळा बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलचे दांडे ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळाचा बेअरिंगचा भाग) बदलून झाली, दर वेळी दीड-दोन महिन्यांत पायडल मारताना पुन्हा खट्ट-खट्ट चालू, आणि आता तुम्हाला सांगितलंय की फ्रेमच गेलीय, भंगारात घाला. शिवाय मुलीच्या गिअरवाल्या सायकलचं पण घरी करता येईल का असं विचारलंय.

भंगारात अजिबात घालू नका. मी ३४ वर्षं सायकली उघडतोय, मामांच्या सांगलीच्या दुकानात सुरुवात केली तेव्हा दिवसाला तीन-चार बीबी व्हायच्या, आणि बीबीमुळे फ्रेम वाया गेली अशा केसेस मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. फ्रेम जाते कधी, तर आतले आटे (स्क्रूसारखे फेरे) मारले गेले तर, म्हणजे त्यात बसणारी बीबीची वाटी घट्ट होतच नाही, नुसती फिरत राहते. तुमची वाटी दोन महिने तरी घट्ट राहते ना, मग आटे शाबूत आहेत. तीन वेळा माल नवीन टाकला आणि तीनही वेळा तेच झालं, याचा अर्थ दोष मालात नाहीच, दोष बसवण्यात आहे किंवा भलत्याच जागी आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय.

म्हणून काही उघडायच्या आधी हाताने बघा. चेन काढून ठेवा, कारण चेन अडकलेली असली की हाताला काही कळत नाही. मग उजवी क्रँक (पायडलचा दांडा) टोकाला धरा आणि फ्रेमकडे-बाहेर अशी हलवा, आणि त्याच वेळी डाव्या क्रँककडे नजर ठेवा. दोन्ही क्रँक एकदम, एकाच अंगासारख्या डुगडुगत असतील तर एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा आडवा दांडा) वाट्यांमध्ये सैल आहे, म्हणजे बीबीचं काम. पण दोन्ही क्रँक हातात घट्ट धरून एक पुढे आणि एक मागे दाबली, आणि त्यातली एकच जराशी घसरून 'टुक' झालं, तर बीबीचा काही संबंध नाही, ती क्रँकला एक्सलवर पक्की धरणारी कॉटर पिन आहे. चालवताना पण फरक कळतो, पिनचा आवाज पायडलच्या एका फेरीत ठराविक जागी येतो, बहुतेक तो पाय वरून खाली जायला लागतो तेव्हाच, आणि पायाला झटका जाणवतो. बीबीचा आवाज असा ठराविक जागी येत नाही, तो गुरगुरल्यासारखा, कुरकुरल्यासारखा असतो आणि क्रँकवर हात ठेवला की बोटांना खरखर लागते. तुम्ही लिहिलंय की खट्ट आवाज उजवा पाय खाली जातानाच येतो. माझं निम्मं उत्तर तिथेच झालं, पण पिन काढणारच आहात तर बीबी पण उघडून नीट करून टाका, म्हणून सगळंच लिहितो.

ज्यांनी कधी आत बघितलं नाही त्यांच्यासाठी, सीटचा पाइप, खालचा तिरका पाइप आणि मागच्या चाकाकडे जाणारे दोन बारीक पाइप जिथे येऊन मिळतात तिथे एक आडवं नळकांडं असतं. त्याच्या दोन्ही तोंडांना आतून आटे, त्यात दोन वाट्या, मधून एक्सल आणि दोन्हीकडे छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या. छर्रे पाव इंची, एका बाजूला ११, म्हणजे एकूण २२. उजवी वाटी एकदा घट्ट बसवली की विषय संपला, ती हलवायची नसते. डावी वाटी पुढेमागे करून सेटिंग करायचं आणि तिच्यावर लॉक रिंग आवळायची. आपल्याकडच्या कारखान्यांची ही काळी सायकल मूळ इंग्लिश रोडस्टरवरून आलेली असल्यामुळे वाट्यांचं माप पण इंग्लिशच, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. अपवाद एक लक्षात ठेवा, इंग्लंडच्या रॅले कंपनीचे जुने नग असतील तर त्यांचे आटे इंचाला २६ असायचे, त्यात २४ची वाटी दोन फेरे जाते आणि मग अडकते, आणि तिथे कुणी जोर केला तर फ्रेम खरोखर जाते.

उजव्या वाटीला उलटे आटे असतात. म्हणजे सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायची. पायडलला डावीकडे उलटे आटे असतात आणि बीबीला उजवीकडे, त्यामुळे लोकांचा हमखास गोंधळ होतो, आणि सोडवतोय सोडवतोय म्हणत घट्टच करत बसतात. हे उलटे आटे उगाच दिलेले नाहीत. मुठीत पेन्सिल सैलसर धरा आणि तिचं बाहेरचं टोक दुसऱ्या हाताने गोल गोल फिरवा, पेन्सिल मुठीत उलट्या दिशेला स्वतःभोवती फिरायला लागते. वाटीचं पण तेच होतं, एक्सलचा भार आत गोल फिरतो आणि वाटी कणाकणाने उलटी सरकायला बघते, म्हणून आटे असे ठेवलेत की त्या सरकण्याने वाटी घट्ट व्हावी. इटालियन सायकलींना दोन्हीकडे सरळ आटे असतात आणि त्यांची उजवी वाटी सैल पडते ही जगभरची तक्रार आहे.

आता पिना. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं त्यामुळे जरा सावकाश वाचा. कॉटर पिन म्हणजे एका अंगाला तासलेली पाचरच, क्रँकच्या भोकातून आडवी जाते आणि एक्सलच्या खाचेवर दाबून बसते. काढायची तर नट सोडून आट्यांच्या बाजूने ठोकायची. बहुतेक जण काय करतात, सायकल उभी करतात आणि हातोडी घेऊन क्रँक अधांतरी असतानाच ठोकत सुटतात. तो प्रत्येक ठोका पिनला निम्मा लागतो आणि निम्मा एक्सलमधून छर्र्यांवर आणि वाट्यांवर जातो. मी १७ वर्षांचा असताना एका दूधवाल्याच्या सायकलची पिन अशीच दहा-बारा ठोके मारून काढली होती, बीबीला हातही लावला नव्हता, आणि पंधरा दिवसांत तो खरखर घेऊन परत आला. मामांनी एक्सल काढून माझ्या हातात दिला. छर्रे जिथे टेकतात त्या चकचकीत गोलावर समान अंतरावर बारीक खड्डे होते, एका छर्र्याला एक खड्डा, मोजता येतील असे. पंधरा दिवसांपूर्वी माझी हातोडी पडली तेव्हा छर्रे नेमके कुठे उभे होते त्याचा ठसाच होता तो. त्या दिवसापासून मी टेकण लावल्याशिवाय एकही पिन ठोकलेली नाही.

टेकण म्हणजे काय, जीआय पाइपचा एक तुकडा, पिनचं डोकं आत मावेल एवढ्या तोंडाचा. क्रँक अशी फिरवा की पिनचा नट वर येईल आणि डोकं खाली. मग जमिनीपासून क्रँकच्या खालच्या कडेपर्यंत माप घेऊन त्याच उंचीचा, किंवा एखादा केस जास्तच, पाइप कापा, म्हणजे टायर जेमतेम टेकतील आणि सगळा भार पाइपवर येईल. खाली फरशी नको, फुटेल, दगड किंवा लोखंडी पाट ठेवा. आदल्या दिवशीच पिनच्या दोन्ही तोंडांना गंज सोडवायचा स्प्रे किंवा नुसतं डिझेल सोडून ठेवा, पूर्वी घासलेट असायचं. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी नटाची वरची कड सपाट येईल इतकाच सोडा, म्हणजे ठोका आट्यांवर न पडता नटासकट बसेल आणि आटे वाचतील. हातोडी जड घ्या, किलोभर तरी, आणि एकच ठोका पण मनापासून. हलक्या हातोडीचे वीस ठोके पिनचं टोक फुलवतात आणि फुललेली पिन भोकातून निघत नाही. एका ठोक्यात हलली की नट काढून पंचने पुढे ढकला. नाहीच हलली तर टोक कापून मधोमध ड्रिल मारावं लागतं, ते काम मात्र दुकानात करून घ्या. पिना दाबून काढायचा छोटा शिकंजा पण मिळतो, दोन-चार सायकली सांभाळणार असाल तर घेऊन ठेवा, त्याच्यासारखं सुख नाही.

पिना निघाल्या की क्रँक ओढून काढा, चेनव्हील (चेन ओढणारं पुढचं दातेरी चाक) उजव्या क्रँकबरोबरच येईल. डावीकडची लॉक रिंग सरळ आट्यांची, नेहमीसारखी डावीकडे फिरवून सुटते. तिला खाचा असतात, त्यासाठी हुकाचा पाना मिळतो, अगदी महाग नाही. छिन्नी लावून ठोकायची पद्धत आहे, मी पण केलंय, पण खाचा खराब होत जातात आणि एकदा खाचा गोल झाल्या की ती रिंग नीट आवळता येत नाही, आणि मग सैल का पडते म्हणून बीबी बदलत बसतो आपण. खाली जुनी साडी किंवा गोणपाट अंथरा कारण डावी वाटी काढताना छर्रे टपटप पडतात. किती निघाले मोजा. एका बाजूला ८ आणि दुसरीकडे १० असं पण मी पाहिलंय. एक्सल बाहेर काढताना कुठली बाजू लांब आहे ते बघून खूण करा, लांब बाजू चेनव्हीलकडे जाते, उलटा घातला तर चेनव्हील फ्रेमला घासतं.

उजवी वाटी शक्यतो तशीच राहू द्या. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून डाव्या तोंडातून आत घाला आणि पुसा, मग टॉर्च मारून बघा. छर्रे फिरतात तो पट्टा चकचकीत आणि सलग असेल तर वाटी चांगली आहे. पट्ट्यावर खवले निघाल्यासारखं किंवा टोचे मारल्यासारखं दिसलं तर बदलायची. डोळ्यांना दिसत नसेल तर बॉलपेनचं टोक पट्ट्यावरून हलकेच फिरवा, खड्डा असेल तर पेन अडखळतं आणि ते बोटाला लगेच कळतं. एक्सलवर पण हेच करा, आणि बहुतेक वेळा एक्सल आधी गेलेला असतो कारण त्याचा गोल वाटीपेक्षा लहान, तेच छर्रे कमी जागेवर जास्त वेळा फिरतात. एक्सल वाकलाय का बघायचं तर काचेच्या तुकड्यावर लोळवा, टोकं वरखाली डुलताना दिसतात. उजवी वाटी काढायचीच वेळ आली आणि मोठा पाना नसेल तर एक जाड बोल्ट आणि मोठे वॉशर घेऊन वाटी दोन वॉशरमध्ये कचकून पकडा आणि बाहेरून घड्याळाच्या दिशेने बोल्ट आवळत जा, बोल्ट घट्ट होता होता वाटीलाच फिरवायला लागतो, आणि वाटीचे आटे उलटे असल्यामुळे ती सुटते.

छर्रे मात्र दर वेळी नवे घ्या, बघायचं पण नाही चांगले आहेत का. सगळे २२ एकाच पुडीतले. जुन्यात चार नवे मिसळले तर नवे केसभर मोठे असतात आणि सगळा भार त्या चौघांवरच येतो. दुकानात जाळीतले छर्रे पण देतात, बसवायला सोपे म्हणून, पण जाळीत सहसा एका बाजूला ११ मावत नाहीत, आणि जाळी उलटी बसली तर लोखंडाला लोखंड घासत राहतं. मी सुटेच घालतो. हातात दहा मिनिटं जास्त जातात एवढंच.

आता पावडर कोटिंगचं, कारण मला वाटतं तुमच्या केसमध्ये दुसरा चोर हाच आहे. कोटिंग करणारे आटे झाकत नाहीत बऱ्याचदा. आट्यांमध्ये पावडर भाजून बसते, वाटी जोर करून घातली की ती किंचित तिरकी बसते, आणि मग एक्सल फिरवताना एका जागी घट्ट आणि समोरच्या जागी सैल लागतो. पण त्याहून वाईट म्हणजे नळकांड्याच्या डाव्या कडेवर, जिथे लॉक रिंग टेकते तिथे, कोटिंगचा जाड थर असतो. लॉक रिंग त्या थरावर आवळली जाते, लोखंडावर नाही. त्या दिवशी एकदम घट्ट वाटते. मग महिना-दोन महिने दाब बसून तो थर चुरत जातो, रिंगच्या खाली पोकळी होते आणि वाटी सुटते. तुमचं दर दोन महिन्यांचं वेळापत्रक बघता मला याचीच जास्त शंका येते. डावी वाटी काढल्यावर ती कड नखाने खरवडून बघा. रंग निघाला तर सपाट कानस घेऊन कड लोखंडापर्यंत साफ करा, कानस सपाट धरायची, एका बाजूला जास्त घासली जाऊ द्यायची नाही. आटे साफ करायला टॅप नावाचं हत्यार असतं पण प्रत्येकाकडे नसतं, तेव्हा एका जुन्या वाटीच्या आट्यांवर आडवे तीन-चार काप देऊन तीच वाटी तेल लावून आतबाहेर फिरवायची, कापांमध्ये पावडर अडकून बाहेर येते. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मागे घ्या, पुसा, परत घाला.

बसवताना साधं लिथियम ग्रीस पुरे. वाटीत बोटभर ग्रीस लावा, त्यात ११ छर्रे एकेक करून रोवा, शेवटी थोडी फट राहते, बारावा मावेल असं वाटतं पण घालू नका, छर्र्यांना श्वास घ्यायला जागा हवी. वरून अजून ग्रीस. आट्यांना पण ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी गंजून बसतील. उजव्या वाटीत छर्रे रोवायला सायकल उजव्या कुशीवर आडवी करा, डाव्या तोंडातून बोटाने एकेक ठेवत जा, मग एक्सल सरळ खाली सोडा, डुचमळवत नको, एखादा छर्रा सटकून नळकांड्यात पडतो आणि कळतही नाही. प्लॅस्टिकचं कव्हर असेल, दोन वाट्यांच्या मध्ये बसणारं, तर ते नक्की घाला. पावसाचं पाणी सीटच्या पाइपमधून थेट बीबीवर उतरतं, वरून लाल माती पण, आणि कोकणात किंवा घाटाखाली सायकल चालत असेल तर चार महिन्यांत ग्रीसचा दुधाळ चिखल होतो. नळकांड्याच्या खाली पाणी जायला भोक असेल तर ते कोटिंगने बुजलेलं नाही ना बघा, नुसतं खिळ्याने मोकळं करून टाका.

आणि आता सेटिंग. हेच खरं काम आहे, बाकीची सगळी मेहनत या पाच मिनिटांसाठी. इंचाला २४ आटे म्हणजे वाटी पूर्ण एक फेरा फिरली की १.०६ मिलिमीटर आत जाते. वाटीचा घेर साधारण ११ सेंटीमीटर. म्हणजे वाटीच्या कडेवर तुम्ही एक सेंटीमीटर फिरवलंत, नखाएवढं, तर आत वाटी सरकली एक दशांश मिलिमीटर, वहीच्या कागदाच्या जाडीइतकी. आणि कागदाच्या जाडीचा ढिलेपणा क्रँकच्या टोकाला साधारण तिपटीने दिसतो. घट्ट आणि सैल यांच्यात इतकंच अंतर आहे, म्हणून हे घाईत होत नाही.

आधी डावी वाटी हाताने फिरवत आत न्या, टेकेपर्यंत. आता एक्सलचं टोक दोन बोटांत धरून फिरवा आणि हलवा. हलतोय तर वाटी अजून थोडी आत. हलायचा थांबला की परत फिरवून बघा, आता जराशी खरखर किंवा जडपणा लागेल, म्हणजे एक केस जास्त झालं. तिथून थोडीशी मागे. इथपर्यंत सगळे करतात. पुढचं बरेच जण चुकतात. लॉक रिंग आवळली की ती वाटीला बाहेर ओढते, आट्यांमधली जी मोकळीक असते ती सगळी बाहेरच्या बाजूला जाते. म्हणजे रिंग आवळायच्या आधी तुम्ही अगदी बरोबर सेट केलं असेल तर आवळल्यावर ते सैल होणार. म्हणून आवळायच्या आधी सेटिंग किंचित घट्ट ठेवायचं, एक्सल फिरेल पण जरा जड फिरेल असं. मग वाटी एका हाताने तिच्या भोकांत बसणाऱ्या पान्याने जागेवर रोखून दुसऱ्या हाताने लॉक रिंग आवळायची. वाटी रोखली नाही तर ती रिंगबरोबर आत जाते आणि मग उलटं होतं, एकदम घट्ट. वाटी आणि फ्रेम दोन्हीवर खडूने एक रेघ मारून ठेवा, म्हणजे आवळताना वाटी हलली का ते दिसतं. पहिल्या वेळी जमत नाही, तीन-चार वेळा रिंग सोडून परत आवळावी लागते, मला पण अजून दोनदा तरी करावं लागतं.

बरोबर झालं कसं कळतं, तर एक्सलचं टोक बोटांत धरून फिरवलं की लोण्यातून फिरल्यासारखं वाटतं, कुठेही अडत नाही, आणि वरखाली दाबलं की काहीच हलत नाही. मग नुसती उजवी क्रँक एक्सलवर ठेवा, पिनशिवाय, आणि तिला टोकाला धरून फ्रेमकडे-बाहेर हलवा, क्रँक लांब असल्यामुळे बारीक ढिलेपणा पण दिसतो, फक्त क्रँक स्वतः एक्सलवर हलतेय की एक्सल हलतोय ते वाटीशी बोट लावून बघा. चार वेगवेगळ्या जागी फिरवून बघा. एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी घट्ट येत असेल तर एक्सल वाकडा किंवा वाटी तिरकी, मग सेटिंग कितीही करा जमणार नाही. जरा सैल की जरा घट्ट असा प्रश्न आलाच तर घट्ट नको. घट्ट बीबी चालवताना पायाला कळत नाही, पण छर्रे आणि गोल दोन्ही चिरडत जातात.

पिना घालताना दोन गोष्टी. पहिली, दोन्ही पिना आपापल्या क्रँकमध्ये एकाच पद्धतीने जायला हव्यात, म्हणजे उजवी क्रँक पुढे असताना तिचा नट वर असेल तर डावी क्रँक पुढे आणल्यावर तिचा पण नट वरच आला पाहिजे. म्हणजेच एका वेळी बघितलं तर एक नट वर आणि दुसरा खाली दिसतो. दोन्ही नट एकाच दिशेला दिसले तर क्रँक एका रेषेत येत नाहीत, पायडल मारताना लंगडल्यासारखं होतं आणि गुडघा दुखतो. दुसरी, नवीन पिन तासलेल्या बाजूला कानस मारून बसवावी लागते, आणि हे काम सहसा कुणी करत नाही. पिन जाडीला ९.५ मिलिमीटर असते बहुतेक आपल्याकडे, ९ची पण असते, जुनी नेऊन मोजून घ्या. तासलेल्या भागावर खडू किंवा काजळ लावा, पिन घाला, हलकी ठोका, परत काढून बघा. घासलेली खूण पूर्ण सपाट भागावर उमटली तर पिन बरोबर बसतेय. नुसती एका कडेला बारीक रेघ उमटली, तर पिन फक्त त्या रेघेवर टेकलेली आहे, ती आज घट्ट वाटेल आणि शंभर किलोमीटरमध्ये ती रेघ चेपून सैल होईल. ज्या बाजूला खूण आहे तिथून कानसने दोन-चार हात मारा, परत खडू, परत बघा. शेवटी पिन बसल्यावर नटासाठी पुरेसे आटे बाहेर यायला हवेत आणि दोन्ही पिना साधारण सारख्याच बाहेर यायला हव्यात. बसवताना पण तोच पाइप खाली घ्या, आता डोकं वर आणि नट खाली, दोन-तीन चांगले ठोके, मग वॉशर आणि नट. नटाने पिन ओढून घ्यायला जाऊ नका, पिनचे आटे मऊ असतात, निघून येतात. ठोक्याने बसवायची, नट फक्त धरून ठेवायला.

मला फोटोशिवाय सांगता येतं तितकं सांगतो, तुमच्या उजव्या पिनवर अशी एकाच कडेला रेघ निघेल असं वाटतंय. काढाल तेव्हा बघून कळवा.

पहिले ३०-४० किलोमीटर झाले की पिनवर परत एक ठोका, पाइप लावूनच, आणि नट परत आवळा, तो थोडा फिरतोच. वाटीवरच्या खडूच्या रेघेकडे पण बघा, सरकली नसेल तर आता वर्षभर बघायचं काम नाही. रोजची सायकल असेल तर दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्याचं पाणी उतरल्यावर, एकदा उघडून ग्रीस बदलायचं. चेन चढवताना मधोमध वरखाली अर्धा इंच सैल राहू द्या, ताठ चेन एक्सलला सतत मागे ओढून धरते आणि वाट्या एकाच बाजूने झिजतात.

मुलीच्या सायकलचं. तिला पिना नसतील, चौकोनी टोकाचा एक्सल असेल आणि क्रँक काढायला क्रँक पुलर लागेल, हातोडी अजिबात नाही. पुलर क्रँकच्या आट्यांमध्ये पूर्ण आत गेल्याशिवाय जोर करू नका, दोन आट्यांवर ओढलात तर ते आटे निघतात आणि क्रँक कायमची अडकते. आतमध्ये दोनपैकी एक असेल. डावीकडे खाचांची लॉक रिंग दिसली तर वर लिहिलं तेच सगळं, फक्त छर्रे बहुतेक जाळीत असतील, ते कसे बसलेत त्याचा काढायच्या आधी फोटो घ्या. लॉक रिंग नसून आतल्या कडेला बारीक दातरे दिसले तर ते बंद कार्ट्रिज आहे, ते उघडत नाही आणि त्यात सेटिंग पण नाही, खरखर आली की अख्खं बदलायचं. दातऱ्यांचा पाना वेगळा मिळतो, आणि आटे तिथे पण तसेच, उजवीकडे उलटे. नवीन आणायला जाताना फ्रेमच्या नळकांड्याची रुंदी मोजून न्या, ६८ असेल किंवा ७३ मिलिमीटर, आणि एक्सलची लांबी जुन्या कार्ट्रिजवर छापलेली असते ती बघा, ती चुकली तर चेनव्हील एकतर फ्रेमला घासतं किंवा बाहेर जाऊन गिअर नीट पडत नाहीत.